हावोक्ताची शेवटची ग्रामसभा

हावोक्ता गावाचा कारभार वारवारा चापोगिर एकटीच पाहायची. गावात माणसं उरली होती दोनच: ती, आणि नदीपलीकडे राहणारा म्हातारा शिकारी प्रोकोपी. आधी शाळा बंद झाली, मग दुकान. लोक पोरंबाळं घेऊन जिल्ह्याच्या गावी निघून आले.

मी इथे जिल्ह्याच्या कचेरीत वायरलेसवर बसते. रोज सकाळी तिचा आवाज यायचा, "हावोक्ता बोलतंय. बर्फ पडतोय. बाकी ठीक." काम तेवढंच, पण ती यंत्र बंद करायची नाही. "आज काय शिजवलंस गं?" मी मासा म्हटलं की कसला मासा, कुणी आणला, जेवायला कोण कोण होतं, सगळं तिला हवं असायचं.

मग जिल्ह्याने गाव मोडायचं ठरवलं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा, म्हणून साहेबांबरोबर मीही हेलिकॉप्टरने गेले. नदी गोठलेली होती. प्रोकोपी बर्फावरून येत होता, मध्येच थांबून छाती दाबत. वारवारा मावशी खिडकीशी उभी राहून बघत होती. तो दारात आला तेव्हा म्हणाली, "किती उशीर, म्हाताऱ्या!"

"तुझ्या सभेला गर्दी फार, अध्यक्षीणबाई. म्हटलं, जागा मिळते की नाही."

साहेबांनी विचारलं, "गाव राहावं असं कुणाला वाटतं?"

प्रोकोपीने हात वर केला आणि तिच्याकडे बघून हसला. तिचे हात मांडीवरच होते.

"मोडावं असं?"

तिने हात वर केला. मतं सारखी पडली तर अध्यक्षाचा कौल धरायचा, असा नियम. गाव मोडलं.

प्रोकोपी ताडकन उठला. "अगं बये, मी तुझ्यासाठी हात वर केला! मला तर कधीचं लेकीकडे जायचंय."

"मग गेला का नाहीस?"

"तू एकटी राहिली असतीस."

"आणि तू त्या बर्फावर मरून पडला असतास. मी काय, नुसती बघत बसले असते?"

तो खाली बसला. टोपी काढून हातात फिरवत राहिला.

प्रोकोपीला लेकीने शहरात नेलं. हृदयाचं ऑपरेशन झालं, तो सावरला. मावशीला आमच्या गावात खोली मिळाली, दोन्ही बाजूंना शेजार. शेजारणी जेवायला बोलवायच्या. ती जायची, सगळ्यांच्या आधी उठून यायची.

उन्हाळ्यात नदी मोकळी झाल्यावर ती एका नाववाल्याबरोबर हावोक्ताला जाऊन आली. मी धक्क्यावर गेले होते. चिखलाने भरलेले बूट तिने पाण्यात धुतले.

"गवत कमरेएवढं वाढलंय," ती म्हणाली. "अस्वलाने दार मोडलंय."

मग थोड्या वेळाने, "कुणी नव्हतं गं."

कुणीतरी असेल असंच धरून गेल्यासारखी.