बकुळाच्या हातचं कुंकू

देवासला टेकरीच्या पायथ्याशी, आमच्याच गल्लीत, बकुळाचं ब्यूटी पार्लर आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘दुल्हन मेकअप’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘मराठी नऊवारी एवं खोपा’. तिचा खरा धंदा त्या बारीक अक्षरांत आहे. देवास आणि धारला मराठी घरं अजून पुष्कळ आहेत. कुणाचे पूर्वज दरबारात होते, कुणाचे कचेरीत. दरबार गेले, कचेऱ्या बदलल्या, आम्ही मात्र लग्न निघालं की अजून स्वारीच निघायची आहे अशा थाटात वावरतो. वर्षभर हिंदीत भांडणारं, हिंदीत हसणारं, पोह्यांवर जिरावनाचा मसाला भुरभुरणारं घर लग्नाच्या दिवशी एकदम मराठी होतं, आणि मुलीला मराठी करून द्यायचं काम बकुळाकडे येतं.

मुली मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. “दीदी, मुझे ये वाला पेशवाई लुक चाहिए.” बकुळा विचारते, “तुम्ही ब्राह्मण की मराठा?” मुलगी आईकडे बघते. आई खजील होऊन म्हणते, “अगं, आपण मराठा.” मग बकुळा शांतपणे सांगते की दोघांची नेसण वेगळी असते, पदर वेगळा असतो. मुलगी सगळं ऐकून घेते आणि म्हणते, “ठीक है, पर फोटो में ऐसा ही दिखना चाहिए.” आणि तसंच दिसतं. बकुळाने कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. मराठा घरांत नवरीच्या डोक्यावर पदर लागतो. आजी म्हणते पदर हलता कामा नये, नात म्हणते एवढा खोपा घातलाय तर दिसला पाहिजे. बकुळा पदर असा टाचते की समोर बसलेल्या आजीला पदर दिसतो आणि मागून येणाऱ्या फोटोग्राफरला खोपा. दोघीही तिला दुवा देतात, आणि एकमेकींना हट्टी म्हणतात.

सगळं झालं की शेवटचं कुंकू. ते मदतनीस मुलींनी लावलेलं आमच्याकडच्या आयांना चालत नाही. बकुळानेच अनामिकेने नवरीच्या कपाळावर चंद्रकोर रेखायची, मुंडावळ्या बांधायच्या, आणि मग जमलेल्या बायकांनी ‘नाव घ्या, नाव घ्या’ म्हणून बकुळाच्याच मागे लागायचं. सवाशिणीचा हात, त्यात बकुळाचा. तिने सजवलेल्या मुली सुखाने नांदतात अशी ख्याती आहे. त्या सुखाने नांदतात कारण त्या बंगळूरला असतात आणि सासू देवासला, हे माझं मत. पण माझं मत कुणी विचारत नाही. मी सरकारी शाळेत संस्कृत शिकवते.

या सवाशीणपणाचे मूळ मालक म्हणजे तिचे यजमान, राजवर्धनराव. नाव ऐकून डोळ्यांपुढे किल्ला येतो. प्रत्यक्षात हा गृहस्थ ‘कपडे की लाइन में’ काही करतो म्हणून सुरतेला गेला तो गेलाच. मुलगी आरोही तेव्हा बालवाडीत होती, आता ती इंदूरला फार्मसी शिकते. सुरुवातीला तो दिवाळीला यायचा, मग नुसता फोन यायचा, मग तोही बंद झाला. कुणी विचारलं तर बकुळा म्हणे, “बाहेरगावी असतात.” वाक्य खरं होतं, म्हणून कुणाला पुढे विचारता येत नसे. संसाराला कवडी न देणारा हा नवरा एक गोष्ट मात्र बायकोला न चुकता पुरवत होता. तिचं सवाशीणपण. त्यासाठी त्याला काही करावं लागत नव्हतं, नुसतं जिवंत राहावं लागत होतं.

हे बकुळाला पक्कं ठाऊक होतं. एकदा माझ्या भुवया कोरता कोरता म्हणाली, “ताई, ते परत आले नाहीत तरी चालेल. पण त्यांना काही झालं ना, तर माझं पार्लर संपलं.”

मी तावातावाने म्हटलं, “काहीतरीच. हल्ली असलं कोण मानतं?”

“कुणीच मानत नाही,” ती म्हणाली. “फक्त दुसरीला बोलावतात.”

मागच्या माघात धारला माझ्या भावाच्या मुलीचं, माधवीचं, लग्न झालं. सजवायला अर्थात बकुळा. मांगलिक भवनातल्या वरच्या खोलीत आम्ही पाचजणी होतो. आरशासमोर माधवी, तिच्याभोवती निऱ्या घालणारी बकुळा, दागिन्यांचे डबे सांभाळणारी माधवीची आई, म्हणजे माझी सुमंगलावहिनी, खुर्चीत माझी आई आणि दाराशी मी. माझ्या आईला अख्खं धार अक्का म्हणतं. आमच्या भागातल्या मराठा घरांचं ती हायकोर्ट आहे. देवकाला काय लागतं, सोयर कुणाला, सुतक कुणाला किती, लोक तिला फोन करून विचारतात. परगावी कुणी गेलं तर सुतक केव्हापासून धरायचं? अक्का सांगते, “कळलं त्या क्षणापासून. कानावर आलं की लागलं.” तिच्या निकालावर अपील नाही.

बकुळाचा फोन वाजला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत निऱ्या होत्या. म्हणाली, “ताई, जरा स्पीकरवर टाका ना. फुलवाला भिया असेल, गजरे घेऊन खाली उभा असेल.”

मी टाकला. फुलवाला नव्हता. तिचा दीर होता.

“वहिनी, मी सुरतहून बोलतोय. दादा गेले. पहाटे अटॅक आला. इकडच्या वहिनी म्हणाल्या, तिकडेही कळवून टाका.”

मी घाईघाईने फोन बंद केला. तोवर सांगायचं सगळं सांगून झालं होतं, इकडच्या वहिनींसकट. बकुळाने निऱ्या सोडल्या नाहीत. नीट सारख्या केल्या, खोचल्या, वरून हात फिरवला, आणि मगच ती भिंतीला टेकली.

सुमंगलावहिनी बँकेत अधिकारी आहे, चांगली शिकलेली, वाचलेली. तिने लगबगीने बकुळाला स्टूल दिलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. “बकुळाताई, तुम्ही शांत बसा. आता कशालाही हात लावू नका. कुंकवाचं काय, माझी बहीण शिखा आहे खाली, ती लावेल. तुम्ही उगीच त्रास करून घेऊ नका.” इतक्या मायेने एखाद्याच्या पोटावर पाय देता येतो हे मी त्या दिवशी पाहिलं. शिखाने कुंकू लावलं की खाली दीडशे बायका विचारणार, बकुळाने का नाही लावलं? आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत उत्तर देवासला पोहोचणार. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

“कसला त्रास?”

“अक्का, तो फोन...” वहिनी म्हणाली.

“कुठला फोन? मला काही ऐकू आलं नाही.”

माझ्या आईचे कान असे आहेत की शेजारच्या घरी दूध उतू गेलेलं तिला इकडे कळतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. हायकोर्टाने ऐकलंच नाही म्हटल्यावर सुतक लावणार कोण?

अडचण भलतीकडूनच आली. बकुळा स्टुलावरून उठली आणि हात जोडून म्हणाली, “पण अक्कासाहेब, मी तर ऐकलं ना. मला कळलं. मी आता नवरीला शिवू कशी? पोरीचं काही वाईट झालं तर?”

मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. जिच्या गळ्याशी आलं होतं तीच नियम सांगत होती. आम्ही चौघीजणी एक वेळ सोडून दिलं असतं, पण बकुळाचा विश्वास पक्का होता. इतकी वर्षं बायका तिच्या हाताला शुभ म्हणत आल्या, तेही तिने खरं मानलं होतं, आणि आता हेही.

“काय ऐकलंस तू?” अक्का कडाडली. “कोणी एक माणूस फोनवर बोलला, त्याच्या दुसऱ्या वहिनीने सांगितलं म्हणून. आधी तिला कळलं, मग उरलंसुरलं तुला. रडणारी तिथे, पिंडाला उभं राहणारे तिथे, मग सुतक तेवढं तुझ्या वाट्याला का? उचल ते कुंकू.”

जे ऐकूच आलं नव्हतं त्यातलं अक्षर न् अक्षर तिला पाठ होतं.

माधवी इतका वेळ मान न हलवता बसली होती, कारण मान हलवायची नाही असं तिला बजावलेलं होतं. ती आरशातूनच म्हणाली, “बकुळामावशी, आप ही लगा दो ना. शिखामासी टेढ़ी चंद्रकोर बनाती है, सारे फोटो बिगड़ जाएँगे.”

म्हणजे आजीने शास्त्र वाकवलं आणि नातीने फोटोंकडे पाहिलं. क्रांती वगैरे काही झाली नाही. बकुळाने पदराने हात पुसले, करंडा उघडला आणि माधवीच्या कपाळावर चंद्रकोर काढली. रेघ कुठेही हलली नाही. मुंडावळ्या बांधून होतात तोच दार ढकलून खालच्या बायका आत घुसल्या. त्यांना काय माहीत? त्यांनी नेहमीप्रमाणे गलका केला, “बकुळाताई, नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही!”

सुमंगलावहिनीने डोळे मिटले. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, पण बकुळाच बोलली. तिचा नेहमीचाच उखाणा.

“टेकरीवर बसली माझी तुळजाभवानी आई, राजवर्धनरावांचं नाव घ्यायला मला कसली घाई!”

बायका खळखळून हसल्या. या उखाण्याला दर लग्नात हसतात.

थोड्या वेळाने ती मला मागच्या मोरीपाशी सापडली. नळ सोडून उभी होती. म्हणाली, “ताई, रडू येतंय, पण कुणासाठी तेच कळत नाही. इतकी वर्षं रोज सकाळी त्यांच्या नावाचं कुंकू लावलं. ती सवय गेली म्हणून रडू, की माणूस गेला म्हणून?” मी तिला जवळ घेतलं आणि दोघींनी मिळून रडून घेतलं. राजवर्धनरावांना मी आयुष्यात दोनदा पाहिलं असेन.

देवासला परतल्यावर तिने थोडे दिवस पार्लर बंद ठेवलं. आरोही इंदूरहून आली. मायलेकींनी घरात काय केलं, काय नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग पार्लर उघडलं. बकुळाच्या कपाळावर टिकली होती. गल्लीला एव्हाना सगळं कळलेलं होतं, देवासमध्ये काही लपत नाही. पण फाल्गुन आणि वैशाखाच्या तारखा घरोघरी ठरून बसल्या होत्या. इंदूरच्या मेकअपवाल्या नऊवारी म्हणून शिवलेली, चेन लावलेली साडी चढवतात, आणि खोप्याला जुडा म्हणतात. धारला अक्काला ऐकू आलेलं नाही, ही बातमीही आली होती. तेव्हा एकेका घरात बायका बहिऱ्या होऊ लागल्या. हिने ऐकलं नाही, तिने ऐकलं नाही. ज्यांनी सगळ्यात आधी मला येऊन सांगितलं होतं, त्यांनीही ऐकलं नाही. गरजेपुरता पुरोगामी होणारा आमच्यासारखा समाज दुसरा कुठे नसेल.

वैशाखात मी सुटीला धारला होते. जवळच्या तिरला गावाहून अक्काला कुणा बाईंचा फोन आला. मुलीच्या लग्नाला बकुळाला बोलवायचं होतं, पण असं ऐकलंय की तिचे मिस्टर... अक्काने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “मला नाही बाई काही ऐकू आलं. कुंकू तिच्याच हातचं घ्या, हात चांगला आहे तिचा.” फोन ठेवला आणि वाती वळायला घेतल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, “अक्का, उपासाला कोणतं मीठ चालतं यावरून भांडणारी बाई तू. त्या दिवशी तुला हे सुचलं तरी कसं?”

तिने मान वर केली नाही. “तुझे वडील गेले तेव्हा झाबुआला होते, नोकरीवर. इकडे घरात तुझ्या आत्याची हळद होती. मी तिला हळद लावत बसले होते. बातमी आधी सासूबाईंना कळली.”

“मग?”

“मग काय. त्या आल्या, आधी माझ्या हातातली हळदीची वाटी काढून घेतली. मग सांगितलं.”