सोलवरची फुलं

आमच्या धंद्यातले किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. लोक पोट धरून हसतात. मीही हसते, पण सांगून होईपर्यंत माझे कान गरम झालेले असतात.

उल्हासनगरात चपलांच्या सोलचा कारखाना आहे, तिथे मी डिझायनर. चप्पल उलटी केली की तळाला वेली, फुलं, लाटा दिसतात ना? त्या मी काढते.

*

कात्रपला नवीन राहायला आलो तेव्हा हळदीकुंकवात समोरच्या काकूंनी विचारलं, “काय करता तुम्ही?”

“डिझायनर आहे.”

“कसली?”

सगळ्या बायका बघत होत्या. मी म्हटलं, “दागिन्यांची!”

दोन दिवसांत काकू दारात. “मंगळसूत्राच्या पेंडंटसाठी काहीतरी नाजूक काढून द्या ना!”

आता काय करणार? सात नंबरच्या लेडीज सोलसाठी काढलेली पानांची जाळी टेबलावर होती. तीच लहान करून दिली. सोनाराने हुबेहूब उतरवली.

अजून आहे काकूंच्या गळ्यात. लिफ्टमध्ये भेटल्या की मी मजल्यांचे आकडे वाचत बसते!

*

एकदा सोलवर कंपनीचं नाव टाकायचं होतं. साच्यात अक्षरं उलटी कोरावी लागतात, तरच सोलवर सुलटी येतात. मी ड्रॉइंग सुलटंच दिलं. अख्ख्या लॉटवर नाव उलटं!

मी शेठसमोर मान खाली घालून उभी. शेठ सिंधी, डोकं धंद्याचं. सोल हातात घेऊन म्हणाले, “अरे साईं, ये तो चलते-चलते मिट्टी में सीधा छपेगा!”

हेच सांगून माल विकला गेला. वर शेठनी सगळ्यांसमोर “मॅडम का आयडिया” म्हणून मला गुच्छ दिला.

मी घेतला.

*

डिझाइन सुचलं नाही की मी दुसऱ्यांची बघायचे. ‘बघायचे’ म्हणजे काय ते समजून घ्या! कुळगावात एका लग्नात हॉलबाहेर एक भारी बूट दिसला. उलटा करून मोबाइलवर फोटो काढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“ताई, मुलीकडच्या का?”

घाबरून “हो” म्हटलं.

“मग ठेवा तो खाली. जोडे नवऱ्या मुलाचे पळवतात. हा माझा आहे, मी मुलाचा बाप!”

जेवणाच्या पंगतीत ते आग्रहाने जिलबी वाढायला आले. “घ्या ताई, ही विचारून देतोय!”

*

आणि ही फुलांची चप्पल. साचा करणारे गणूभाऊ म्हणाले होते, “मॅडम, खाचा खोल ठेवा. ओल्यात घसरेल.” खोल खाचांनी पाकळ्या तुटत होत्या. मी म्हटलं, “गिऱ्हाईक दुकानात उलटी करून बघतं. फुलं दिसली पाहिजेत.” फुलं दिसली, पण चप्पल फारशी खपली नाही. उरलेला माल शेठनी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर वाटला.

पावसाळा सरत आला तेव्हा शेठ पुन्हा वाटपाला निघाले, मलाही घेऊन गेले. चढावर बायका आमच्याच चपला हातात धरून अनवाणी येत होत्या.

शेठनी मोबाइल काढला. मी पुढच्या म्हातारीला म्हटलं, “आजी, घाला ना पायात. फोटो काढायचाय.”

“घालतंय की,” ती म्हणाली. “पन फोटो झाला का काढीन. खालच्या वाटेला सून पडली माझी ह्यात. हात मोडला तिचा. भाताची लावणी तशीच ऱ्हायली.”

तिने चप्पल उलटी केली, पदराने चिखल पुसला.

“फुलां मात्र लय सुबक हायत. कोनी काढली?”

शेठ लगेच म्हणाले, “ये मॅडमने!”

म्हातारीने माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

“चांगला हाय गो बाय, हात तुझा.”