चुलीत मिसळलेला माझा कोळसा

भूकंपात ख्राइस्टचर्चबाहेरचं एक जुनं फार्महाउस उभं चिरलं. ते पाडल्यावर जोत्याखाली माओरी वस्ती निघाली, गोरे लोक यायच्या कितीतरी आधीची. ती खणणाऱ्या तुकडीत मीही होतो. पुण्याची पुरातत्त्वाची पदवी, म्हणजे घमेली उचलायची पात्रता.

पहिल्याच दिवशी उशिरा पोचलो. त्या वस्तीतल्या लोकांच्या वंशातल्या एक वृद्ध बाई पहाटेच प्रार्थना म्हणून गेल्या होत्या. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने मात्र बजावलं होतं, "परक्याची जमीन उकरतोयस, आधी तिची क्षमा माग. नुसती उदबत्ती नको, धूप घाल." सगळे चहाला गेल्यावर मी पाडलेल्या घराचं स्वयंपाकघर होतं त्या कोपऱ्यात बार्बेक्यूचा कोळसा पेटवला, धूप घातला, हात जोडले आणि उरलंसुरलं पायाने मातीत छान कालवून टाकलं. साइटवर सिगरेटला बंदी होती. पण मी सिगरेट कुठे ओढत होतो!

चौथ्या दिवशी त्याच कोपऱ्यात चूल सापडली. वीतभर खड्डा, आगीने तडकलेले दगड. बाकीची वस्ती घराच्या पायाने फोडलेली, शाबूत अशी ही एकच.

"कोळसा! हीप्स!" तुकडीचा प्रमुख, आमचा साहेब ओरडला. हीप्स म्हणजे ढीगभर. कोळशावरूनच चुलीचं वय कळतं. त्या दिवशी खोदकाम बघायला आलेल्या त्या वृद्ध बाई लगबगीने पुढे आल्या. "किती जुनी ते आता कळेल ना?"

मी सगळं सांगून टाकलं. साहेबाने टोपी काढली, परत घातली.

"तू हेच शिकलायस ना?"

"डिस्टिंक्शनमध्ये," मी म्हणालो. असल्या वेळीही जीभ वळवळतेच.

सोमवारी नव्या घराचा पाया खणायला डिगर, म्हणजे खोदाईचं यंत्र, येणार होता. दोन दिवस गुडघ्यांवर बसून एकेका दगडाखाली चमच्याने उकरलं. हाती येत होता तो नुसता चुरा; त्यात त्यांचा किती, माझा किती, वेगळं करता येईना. आमचा बार्बेक्यूचा कोळसाही मानुकाचा, इथल्याच झाडाचा. लाकडावरूनही ओळख पटेना. सोमवारी डिगर अगदी वेळेवर आला.

अहवालात चुलीच्या वयापुढे साहेबाने माझ्याकडूनच लिहून घेतलं: 'ठरवता येत नाही.' प्रत बाईंना मीच नेऊन दिली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"निदान अंदाज?"

आवाजात एवढी आशा की एखादं शतक ठोकून द्यावंसं वाटलं. मी 'नाही' म्हणालो आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो. ती हातातच होती.