रिफ्यूजच्या उलट

वडिलांना इंग्रजीचा शौक होता आणि तो भागवायला घरात मी एकटीच होते. तरुणपणी ते मुंबईत एका पेढीवर कारकून होते. आजोबा गेल्यावर सुपारीची वाडी सांभाळायला हरिहरेश्वरजवळच्या आमच्या गावी परत आले, ते कायमचेच. मुंबईहून आणलेलं सामान हळूहळू मोडलं, इंग्रजी तेवढं टिकलं.

संध्याकाळी ओटीवर सुपारी सोलायला बसलो की ते एक शब्द टाकत आणि मी त्याच्या उलटे शब्द म्हणत असे. पाहुणे आले की हटकून ‘रिफ्यूज’ निघायचा, कारण त्याच्या उलटे शब्द मला सगळ्यात जास्त येत. ॲक्सेप्ट, अग्री, अलाऊ, ग्रँट, ॲडमिट, कन्सेंट, सगळे मी एका दमात म्हणून टाकायचे. ज्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं तेही वा वा करत. मला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट कुणी विचारलं नाही तर मीच ओटीवर घुटमळत राहायचे.

वडील शिकवायचे मात्र छान. प्रत्येक शब्दाला घरातलंच उदाहरण द्यायचे. पाहुण्यांनी खाऊ दिला आणि तू घेतलास, हे ॲक्सेप्ट. लोणच्याची बरणी मीच फोडली असं तू आपणहून सांगितलंस, हे ॲडमिट. आईने तुला वाडीत खेळायला सोडलं, हे अलाऊ. कन्सेंटपाशी ते अडले. हातातली सुपारी तशीच धरून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “माणसाने मनापासून दिलेला होकार. पण याचं उदाहरण आपल्या घरात काही सापडत नाही. सापडलं की सांगेन.”

श्रीवर्धनला मावशीकडे राहून मी मॅट्रिक झाले. स्वातंत्र्यानंतर आमच्याकडच्या नबाबाचं राज्य जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती, तरी मुलीने मॅट्रिक होणं आमच्या गावात नवलच होतं. मग मुंबईला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. मामा गिरगावात राहायचा, पोरीला खुशाल पाठवा असा त्याने निरोप धाडला. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते लिहितानाही संकोच वाटतो. ट्रंकेत कपडे घड्या घालून ठेवले होते आणि कुणाची चाहूल लागली की मी झाकण लावत असे.

वडिलांनाही पाठवायचं होतं. पण भावकीत कुजबुज सुरू झाली. लग्नाची मुलगी एकटी मुंबईला धाडतात, उद्या काही झालं तर आमच्या मुलींना कोण करील, असं चाललं होतं. वडील माझ्यापुढे मोठे साहेब असले तरी भावकीपुढे त्यांचं काही चालत नसे. शेवटी म्हणाले, देवीला कौल लावू, ती म्हणेल तसं करू.

आमच्याकडे काहीही अडलं की ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे टक लावून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

अख्खी भावकी देवळात जमली होती. बायका खांबांच्या आडोशाला बसल्या होत्या, मी त्यांच्यात होते. गाऱ्हाणं संपतंय तोच उजवी पाकळी पडली. हसू दाबायला मी पदर तोंडाशी धरला. वडिलांनी एकदा चुलत्यांकडे पाहिलं आणि गुरवाला म्हणाले, पाकळी जरा जास्तच ओली होती, पुन्हा लाव.

“आईनं उजवा दिलाय, भाऊ,” गुरव म्हणाला. “आता परत कशापायी इचारायचं?”

पण वडिलांनी आग्रह धरल्यावर त्याचाही इलाज चालेना. त्याने पुन्हा कौल लावला. या खेपेला कुठलीच पाकळी पडेना. माणसं चुळबुळ करायला लागली, वडिलांना घाम फुटला. मग ते एकदम माझ्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “तूच सांग, बाळ. तुला जायचंय का?”

मी मान खाली घातली.

आमच्या घरात मुलीचा होकार असाच असे. चुलत बहिणीला स्थळ पसंत आहे का विचारलं तेव्हा तिनेही हेच केलं होतं आणि बायकांनी लगेच तिच्या तोंडात साखर घातली होती. चारचौघांत तोंड उघडून ‘हो’ म्हणणं निर्लज्जपणाचं होतं. मी माझ्या परीने स्वच्छ हो म्हटलं होतं. मान वर केली तेव्हा वडील चुलत्यांना सांगत होते, पोरीचंच मन नाही, उगाच देवीला त्रास दिला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पार गेला होता. गुरव तेवढा माझ्याकडे बघत होता. मी नजर चुकवली.

वाटेत आईने हळूच विचारलं, तुला खरंच नव्हतं जायचं? नव्हतं, मी म्हटलं. खरं सांगितलं असतं तर वडील भावकीत खोटे पडले असते आणि मुलीला मुंबईची हाव सुटलीय हेही घरात उघड झालं असतं. दोन्हीची मला लाज वाटली. इंग्रजीतले इतके होकार तोंडपाठ आणि घरच्या भाषेतलं एक अक्षर तोंडातून फुटलं नाही, याची तर सगळ्यात जास्त. घरी गेल्यावर मी ट्रंक रिकामी केली आणि कपडे पुन्हा दांडीवर टाकले.

दिवाळीनंतर पालीकडचं एक स्थळ आलं. पाहुणे ओटीवर बसले. वडिलांनी कौतुकाने मुलाच्या काकांना एक शब्द विचारायला सांगितलं. कुठला, ते सांगायला नकोच. मी खाली बघत सगळे शब्द म्हणून दाखवले. पाहुणे खूश झाले. मग रीत म्हणून कुणीतरी विचारलं, मुलीला पसंत आहे ना? मला पसंत नव्हतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला अजून मुंबईलाच जायचं होतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं असेल नसेल, मान तेवढी आपोआप खाली गेली. बायकांनी लगेच साखर भरवली.

पाहुणे गेल्यावर वडील माजघरात आले. त्यांचे डोळे भरले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “एका शब्दाचं उदाहरण द्यायचं राहिलं होतं, आठवतं? आज सापडलं. हे कन्सेंट.”

साखर अजून दातांत कचकचत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. मी पुन्हा मान खाली घातली आणि ते समाधानाने बाहेर गेले.