घराच्या दारापर्यंत सोबत करणाऱ्या शैलाताई

२०१२ साली ऑकलंड आम्हाला नवं होतं. मी एका फार्मसीत नुकतीच कामाला लागले होते, माझे यजमान अजून शिकत होते. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात, मेथीची जुडी काखेत धरून मी भाड्याच्या घरासाठी एका एजंटशी फोनवर बोलत होते. नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, आणि घर गेल्याचं कळलं. त्या आठवड्यात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. डोळे भरून आले.

शेजारी वांगी निवडणाऱ्या एका बाईंनी मराठीत विचारलं, की कुठलं घर? नंबर घेऊन त्यांनी तिथेच त्या एजंटला फोन लावला आणि नाव न सांगता चौकशी केली. घर रिकामं होतं. मग शांतपणे त्यांनी सांगितलं, की आत्ताच तुमच्याशी बोललेली माझी मैत्रीण दुपारी घर बघायला येईल, आणि तिच्यासोबत मीही असेन. ते घर आम्हाला मिळालं. शैलाताई दामले यांची आणि माझी ही पहिली ओळख.

ताई गृहकर्ज सल्लागार आहेत. घर घेणाऱ्यांची बाजू बँकेपुढे मांडणं हे त्यांचं काम. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकांची घरं त्यांच्या धडपडीतून उभी राहिली. पण त्यांची खरी ओळख मला झाली ती मेरेमुळे.

मेरे ही आमच्या फार्मसीशेजारच्या क्लिनिकमधली नर्स, माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली. तिला आणि तिच्या नवऱ्याला टाकानिनी उपनगरात घर घ्यायचं होतं. दोघांच्याही नोकऱ्या पक्क्या होत्या, तरी बँकेनं कर्ज नाकारलं. सासूबाई सोबत राहतात, म्हणजे घरखर्च वाढणार, असं कारण दिलं. त्यांचं भाड्याचं घर मालकानं विकायला काढलेलं, मुलं शाळेत जाणारी. मेरे रडली नाही, फक्त म्हणाली की आपल्यासारख्यांना हे होतंच. मी तिला ताईंकडे नेलं.

कागद वाचता वाचता ताई थबकल्या. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी एका गोऱ्या जोडप्याचं कर्ज त्याच बँकेतून मंजूर करून घेतलं होतं. त्या घरातही आजी राहत होत्या. तिथे बँकेनं धरलं होतं, की आजी नातवंडांना सांभाळतात, म्हणजे पाळणाघराचा खर्च वाचला.

ताई मॅनेजरना भेटायला गेल्या. मेरेनं मलाही सोबत पाठवलं होतं. त्या गोऱ्या जोडप्याचं नाव न घेता त्यांनी दोन्ही घरांची हकिकत मांडली आणि विचारलं, "एका घरात आजी आधार, आणि दुसऱ्या घरात तीच ओझं. हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

मॅनेजर म्हणाले, की नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

"मग तोच नियम इथेही लावा," ताई म्हणाल्या, आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहिल्या.

प्रकरण पुन्हा तपासलं गेलं आणि कर्ज मंजूर झालं. त्यानंतर मात्र त्या बँकेकडे ताईंची इतर कामं रेंगाळू लागली. काही ग्राहक दुसऱ्या सल्लागारांकडे गेले. ताई याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. आम्हाला कळलं ते त्यांच्या यजमानांकडून, दामलेकाकांकडून. मी काळजीनं विषय काढला, तेव्हा म्हणाल्या, "अगं, आपलं नाव ऐकून दार लागतं ना, तेव्हा आपल्याला राग येतो. तोच राग दुसऱ्यासाठी यायला नको का?" मेरेच्या गृहप्रवेशाला तिच्या सासूबाईंनी माओरी रिवाजाप्रमाणे ताईंच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून त्यांचं स्वागत केलं. ताईंना हुंदका आवरेना.

अशा करारी बाई गाडी शिकवायला बसल्या की किती चिडतात, हेही नोंदवायला हवं. मला गाडी शिकवली ती त्यांनीच. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आले म्हणून पहिल्याच दिवशी घरी परत पाठवलं होतं. माझा मुलगा घरी आमच्याशी इंग्रजीतच बोलतो, पण ताईंपुढे मुकाट्यानं मराठी बोलतो. कारण विचारलं तर म्हणतो, "शैलाआजीला इंग्लिश ऐकूच येत नाही."

आज ताईंची एकसष्टी. शैलाताई, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. घरासाठी कुणालाच तुमची गरज पडू नये, असा दिवस या शहरात तुमच्या डोळ्यांदेखत उजाडो. आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तुमच्याकडे काहीही काम न काढता, नुसतं जेवायला यावं.