अम्मीने चोक ओढला आणि गाडी सुरू झाली

मंडळी, दुपारपासून मला काही सुचत नाहीये.

अब्बांची अँबॅसिडर पंधरा वर्षांनी सुरू करायला मी सकाळपासून खपत होतो. नवी बॅटरी, ताजं पेट्रोल टाकलं. शेजारी कापडाचा लूम असल्यामुळे एअर फिल्टरमधून मूठभर रुई निघाली. तरी गाडी ढिम्म.

अम्मी स्वयंपाकघरातून आली. स्टिअरिंगवर बसून तिने चोक अर्धा ओढला, ॲक्सिलरेटर दोनदा दाबला. गाडी सुरू.

"अम्मी, तुला येतं?"

"गणेशपुरीच्या रस्त्याला मीच चालवायची. तू मागे झोपलेला असायचास. भिवंडी जवळ आली की अब्बा परत स्टिअरिंगवर बसायचे."

अब्बा गेले तेव्हा 'आता चालवणार कोण' म्हणत चाचांनी गाडीवर ताडपत्री टाकली होती. दुसरं टोक अम्मीनेच धरलं होतं.

ती तेव्हा बोलली का नसेल?