गादीखालच्या नोकऱ्या

बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला या जगात काय काय करता येतं, हे माझ्या मामाजींइतकं अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातलं एकही त्यांनी स्वतः केलेलं नव्हतं. सानगडीहून बॉटनी शिकायला बाहेर पडलेले ते पहिले. बी.एस्सी. झाले, नागपूरहून एम.एस्सी.चा फॉर्म आणला, आणि त्याच महिन्यात आजोबा गेले. धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं, लग्न व्हायचं होतं. मामाजींनी मिळेल ती कारकुनी धरली आणि पुढे जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्टोअरमध्ये लागले. तिथे त्यांच्या ताब्यात खिळे, वायसर आणि तागाची पोती असत. पैकी ताग ही वनस्पती असल्यामुळे पोत्यांवर त्यांचा विशेष जीव होता. त्यांचा साहेब एकदा पोत्यांबद्दल काही विचारायला आला आणि तागाच्या फुलाच्या पाकळ्या किती ते ऐकून परत गेला. त्यानंतर तो चिठ्ठी पाठवू लागला.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना तीन वर्षं त्यांच्या क्वार्टरमध्ये राहिले. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात मामाजी, मामी, मी आणि वाळवायला ठेवलेल्या वस्तू. बॉटनीवाले झाडाची डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत घालतात, वर वजन ठेवून वाळवतात, मग जाड कागदावर डिंकानं चिकटवून चार टाके घालतात आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. मामाजीही तसंच करत. पण एकदा घडी बदलताना डहाळीखालच्या जुन्या कागदात त्यांना वनखात्याच्या नोकरीची जाहिरात दिसली. त्यांनी डहाळी फेकली आणि जाहिरात वाळवली. ती कोरडीच होती, पण पद्धत म्हणजे पद्धत. त्या दिवसापासून बॉटनीवाल्यांसाठीची दिसेल ती जाहिरात आठ दिवस गादीखाली दाबायची, जाड कागदावर चिकटवायची, चार टाके घालायचे आणि चिठ्ठी लावायची, हे सुरू झालं. टसर रेशमाच्या केंद्रात ऐनाच्या झाडांची निगा राखायला सहायक हवा होता, त्या जाहिरातीची चिठ्ठी मला पाठ आहे. ‘सापडल्याचं ठिकाण: सानगडीचा बाजार, भज्यांचा पुडा. फुलोरा: आषाढ. शेरा: तेलकट.’

जाहिराती अशाच पुड्यांतून मिळत असल्यामुळे अर्जाची मुदत बहुधा दोनेक वर्षांपूर्वी संपलेली असे. मामाजींना त्याचं काही वाटत नसे. “जाहिरात वाळली म्हणून जात थोडीच मरते?” ते म्हणत. “यंदा आषाढात आली, तं पुढच्या आषाढातही येनच.” प्राध्यापकीच्या जागा जूनमध्ये फुलतात, वनखातं थंडीत, बियाणे तपासणीला ठरावीक ऋतू नाही, असं त्यांनी वर्षानुवर्षं पाहून बसवलेलं होतं, आणि नवल म्हणजे ते बरोबर यायचं. घरात गाद्या तीन. पाहुणा आला की मामी त्याला विचारून घेत, “तुमाले वनखात्यावर चालते का भातसंशोधनावर?” माझ्या गादीखाली बी.एड. होतं. ते फार जाड नव्हतं, त्यामुळे मला झोप बरी लागायची.

रविवारी सकाळी पोरं येत. साकोलीची, भंडाऱ्याची, कधी बापाला घेऊन आलेली. एका पोराच्या बापानं धोतराचा सोगा सावरत विचारलं होतं, “गुरुजी, हे बॉटनी करून होते काय जी? पोरगा तं बँकेचं म्हणून राहिला.” मामाजींनी चष्मा काढला. “बँकेत झाड कोणतं हाये?” बाप आठवून म्हणाला, “दारात एक निंब हाये जी.” मामाजींनाही ते पटलं असावं. “मंग करू द्या अर्ज,” ते म्हणाले. बाकीच्यांना मात्र ते एकेक कागद उलगडून दाखवत. एम.एस्सी. केलं तर कॉलेज, बी.एड. केलं तर शाळा, दोन्ही जमलं नाही तर शेतकी खात्याची प्रयोगशाळा, तेही नाही तर तलावांतल्या शेवाळावर कुणीतरी अजून काम करायचंच आहे. त्यांच्या सांगण्यावरून एक जण खरोखर भाताच्या संशोधनाला लागला, दोघं वनखात्यात गेले. त्यांची पेढ्यांची खोकी मामाजींनी ठेवली होती. त्यांत बिया होत्या.

सगळ्या संग्रहाच्या तळाशी एक कागद होता, तो ते कुणाला दाखवत नसत. मी तो गादी झटकताना पाहिला. एम.एस्सी.चा त्यांचा स्वतःचा फॉर्म, कोरा, चार टाके घातलेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘शेरा: वाळलेला. अवस्था उत्तम.’ मी तो होता तसा ठेवून दिला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पास झाले. बाबांनी सानगडीहून निरोप पाठवला की नागपूरला नंबर लागला तर शिक, नाही लागला तर तुला बघायला तुमसरचे पाहुणे येऊन राहिले, मग मला काही सांगायचं नाही. पाहुणे वाईट नव्हते, पण मला शिकायचं होतं. मामाजी म्हणाले, “फॉर्म मी आणतो,” आणि रजा टाकून गेले. येताना एसटी एका तलावापाशी बंद पडली. तलावात शिंगाड्याचे वेल होते. मामाजींनी उतरून मुळांसकट एक वेल उपटला आणि पिशवीत ठेवला. पिशवीत फॉर्मही होता.

घरी आल्यावर त्यांनी मला सांगितलं, “फॉर्म आणला. थोडा ओलसर हाये, सुकवून देतो.” मी निर्धास्त झाले. मामाजींवर एवढा विश्वास ठेवणं ही चूक आमच्याच घरात होऊ शकत होती. मुदत सहा दिवसांची होती आणि पद्धत आठ दिवसांची. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फॉर्म मागितला, तेव्हा त्यांनी कौतुकानं जाड कागद पुढे केला. घाई म्हणून तीन दिवस आधीच काढलाय, असंही म्हणाले. फॉर्म डिंकानं पुरता चिकटला होता आणि चारही कोपऱ्यांना टाके होते. सोडवायला गेले तर कोपरा फाटायला लागला.

मी रडायला लागले. “आता कायले रडून राहिली वं?” मामाजी खरंच गोंधळले होते. मी रडत रडतच सांगितलं, की उद्या शेवटचा दिवस आहे. तेव्हा मामी आतून आल्या. तीन गाद्यांच्या संसारात मी त्यांना आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही चढवला नाही. “तुमचा फॉर्म तुमी दाबून ठेवला, मी काही नाही म्हटलं,” त्या म्हणाल्या. “पोरीचा नोका ठेवू.”

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, पण ते लग्नकार्यात, सणावाराला. त्या दिवशी सण नव्हता. मामाजींनी वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मला अजून ते आठवलं की कसंनुसं होतं. मग म्हणाले, “यावरच लिहून टाक बाई. मी जातो घेऊन.” मी त्या जाड कागदावरच फॉर्म भरला. पहाटेच्या एसटीनं मामाजी तो छातीशी धरून नागपूरला गेले.

तिथला कारकून तो घेईना, त्याच्या फायलीत असला कागद बसत नव्हता. मामाजी विभागप्रमुखांपर्यंत गेले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, टाके पाहिले, कोपऱ्यातली चिठ्ठी वाचली आणि घेऊन ठेवला, एवढंच मामाजींनी येऊन सांगितलं. मी फॉर्म भरला तेव्हा त्यावर चिठ्ठी नव्हती, त्यांनी ती वाटेत लावली असणार; तिच्यावर काय होतं ते मी विचारलं नाही. माझा नंबर लागला. तुमसरच्या पाहुण्यांना बाबांनी कळवून टाकलं.

पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागले. मामाजी रिटायर झाले तेव्हा फॅक्टरीनं त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी ते लावलं नाही. पंच्याऐंशी सालाच्या सुमारास ते गेले. मामींनी गाद्या उन्हात टाकल्या आणि सगळा संग्रह माझ्याकडे पाठवला. तो ठेवायला विभागातल्या कपाटात जागा करत होते, तर वाळवलेल्या पाणवनस्पतींच्या गठ्ठ्यात माझा फॉर्म सापडला. ऑफिसच्या फायलीत बसेना म्हणून कुणीतरी तो तिथे लावला असणार. माझं अक्षर, शिंगाड्याच्या पाण्याचा पिवळा डाग, चार टाके. कोपऱ्यात मामाजींची चिठ्ठी. ‘सापडल्याचं ठिकाण: सानगडी. संग्राहक: मामा. शेरा: जिवंत आहे. वाळवू नये.’

मी त्यांचा कोरा फॉर्म काढला आणि माझ्या फॉर्मशेजारी ठेवला. कपाट लावायचं तसंच राहिलं. बाहेर तासाची घंटा झाली होती, पोरं वर्गात येऊन बसली होती, आणि मला त्या दिवशी शिकवायला जायला दहा मिनिटं उशीर झाला.